म्युझियमचा कार्पेट एरिया

विनिपेगला कोणाचे आई-बाबा उन्हाळ्यात व्हिसावर आले की त्यांना काय काय दाखवायचं याची यादी आम्हा मराठी लोकांत ठरलेली आहे. दोन नद्यांच्या संगमावरचं फोर्क्स, असिनिबॉइन पार्क, विधानसभेच्या घुमटावरचा सोनेरी पुतळा आणि मॅनिटोबा म्युझियम. म्युझियममध्येही सगळे शेवटी जिथे थबकतात ती जागा ठरलेली: जहाज. "अहो, जहाज आत आणून वर इमारत बांधलीय यांनी! आणि किती मेन्टेन केलंय बघा!" हे वाक्य मी इतक्या काकांच्या तोंडून ऐकलंय की ते फलकावरच छापून टाकावं. काकांचं काही चुकत नाही. जहाज देखणं आहे. माझं भांडण त्या देखणेपणाशीच आहे.

रूपर्ट अव्हेन्यूवरच्या या म्युझियममध्ये एक उंच, अंधारं दालन आहे. सतराव्या शतकातला इंग्लंडमधला डेप्टफर्डचा धक्का तिथे जसाच्या तसा उभा केलाय. लाकडी घरं, पिंपं, मंद दिवे. आत पाऊल टाकलं की आधी नाकात शिरतो तो डांबराचा आणि दोरखंडांचा वास. मधोमध ओकच्या लाकडाचं, दोन डोलकाठ्यांचं, नक्षीकाम केलेलं जहाज. नाव नॉनसच. डेकवर चढता येतं. लाकूड इतक्या हातांनी गुळगुळीत झालंय की मुलं कठड्यावरून बोटं फिरवत राहतात. दोरांच्या जाळ्यातून वर बघितलं की मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं. मला बोटीतलं काही कळत नाही, पण सुतारकाम कळतं, आणि हे सुतारकाम अव्वल दर्जाचं आहे.

आता या देखण्या बाईची कुंडली. खरं नॉनसच १६६८ च्या जूनमध्ये लंडनहून निघालं, जेम्स बेच्या तळाशी रूपर्ट नदीच्या मुखापाशी त्याने हिवाळा काढला आणि दुसऱ्या वर्षी बीव्हरची कातडी भरून ते परत गेलं. त्या व्यापाराच्या जोरावर हडसन्स बे कंपनी उभी राहिली. हे जहाज विनिपेगला आलं नाही. येणार कसं? ती जागा इथून हजार किलोमीटरहून लांब आहे. कोणी म्हणेल, म्युझियम शहराचं नाही, आख्ख्या मॅनिटोबाचं आहे, आणि मॅनिटोबाला हडसन बेचा किनारा आहे. आहे ना. पण नॉनसच त्या किनाऱ्यालाही लागलं नव्हतं. ते जिथे लागलं तो भाग आज क्वेबेकमध्ये मोडतो. आणि आपण ज्याच्या डेकवर उभे असतो ते तर तेही नव्हे. ही नक्कल. कंपनीच्या तीनशेव्या वाढदिवसासाठी १९६८ मध्ये डेव्हनमधल्या ॲपलडोर गावी बांधून घेतलेली. आधी ती इंग्लंडच्या किनाऱ्याने, मग उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत आणि पश्चिम किनाऱ्यावर मिरवली. मिरवून झाल्यावर ठेवायची कुठे, हा प्रश्न विनिपेगने सोडवला आणि १९७४ मध्ये दालन खुलं झालं.

म्हणजे प्रेअरीतल्या एका शहराच्या सर्वांत मोठ्या इतिहास-संग्रहालयाचा मुकुटमणी काय, तर शहरात कधीही न आलेल्या जहाजाची, शहराबाहेर बनलेली नक्कल, आणि तीही एका दुकानाने आपल्या वाढदिवसाला जाहिरात म्हणून करून घेतलेली.

मी मुंबईत वाढलो. मुंबईत वाढलेल्या माणसाला इतिहास येवो न येवो, कार्पेट एरिया येतो. बिल्डर ब्रोशरमध्ये काय काय लिहितो ते वाचायचं नाही. टेप काढायची आणि पायाखाली किती येतंय ते मोजायचं. म्युझियमलाही हीच टेप लावावी या मताचा मी आहे. आजकाल कॅनडातलं कुठलंही म्युझियम फलकांवर फार गोड बोलतं. समेट, सत्य, आदर, सामायिक भूमी. सगळं बरोबर आणि सगळं व्यवस्थित तपासून घेतलेलं. ते वाचून गहिवरून येण्याआधी विचारायचं: फूट किती? उंची किती? कोणाच्या गोष्टीत आत शिरून उभं राहता येतं, आणि कोणाची गोष्ट काचेपलीकडून वाकून वाचावी लागते? मॅनिटोबा म्युझियममध्ये कंपनीच्या गोष्टीत डेकवर चढून उभं राहता येतं. शिवाय कंपनीने दिलेल्या वस्तूंचं वेगळं दालन आहेच.

बरं, ज्या कंपनीचं एवढं कौतुक, तिच्या मालकीचा उगम काय? २ मे १६७० ची सनद. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपला आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट आणि त्याच्या भागीदारांना हडसन बेमध्ये ज्या ज्या नद्यांचं पाणी येतं तो सगळा मुलूख देऊन टाकला. सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर. आजच्या भारताहून मोठा. राजाने तो पाहिला नव्हता, जिंकला नव्हता, विकतही घेतला नव्हता. त्यात क्री, अनिशिनाबे, असिनिबॉइन, डेने, इनुइट अशी माणसं राहत होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ही म्हण मराठीत जन्मली खरी, पण तिचा सर्वांत मोठा प्रयोग लंडनमध्ये झाला. आणि मोबदला? राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखात पाऊल ठेवतील तेव्हा दोन एल्कची कातडी आणि दोन काळे बीव्हर.

हा चार्ल्स आपल्या ओळखीतला. याच गृहस्थाने १६६८ च्या मार्चमध्ये, म्हणजे नॉनसच निघण्याच्या आधी दोन-तीन महिने, मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं होतं. मुंबई त्याला निदान पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळाली होती. देणाऱ्याची ती नव्हतीच, हा भाग वेगळा. पण कागदोपत्री कोणीतरी दिली होती. हडसन बेच्या बाबतीत तेवढाही सोपस्कार नाही. तेव्हा मुंबईकर काका जहाजासमोर उभे राहून 'यांची हिस्टरी' बघतात तेव्हा मला सांगावंसं वाटतं, काका, ही आपलीही हिस्टरी आहे. मालक एकच होता, फक्त भाडेकरू वेगळे होते. सांगत नाही. काकांना कॅफेटेरियात जायचं असतं.

पुढचा हिशेब आणखी गमतीचा. दोनशे वर्षं कातड्यांचा धंदा केल्यावर कंपनीने हा मुलूख १८६९ च्या करारनाम्याने कॅनडाच्या पदरात घातला. किंमत तीन लाख पौंड, शिवाय सुपीक पट्ट्यातल्या जमिनीचा विसावा हिस्सा, शिवाय आपल्या ठाण्यांभोवतीची जमीन. फुकट मिळालेल्या गोष्टीची एवढी किंमत वसूल करणाऱ्याला आपल्याकडे बेरकी म्हणतात, इथे संस्थापक म्हणतात. लगेच दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, लोअर फोर्ट गॅरीला पहिला तह झाला. अनिशिनाबे आणि क्री लोकांशी. त्यांना काय मिळालं? पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर आणि माणशी वर्षाला तीन डॉलर. तोंडी दिलेली बरीचशी आश्वासनं कागदावर आलीच नाहीत. लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा १८७५ मध्ये तीनाचे पाच डॉलर झाले. आजही पाचच आहेत. महागाई भत्ता नाही, चक्रवाढ नाही, काही नाही. पाच डॉलरात टिम हॉर्टन्सची कॉफी आणि फार तर एक डोनट. अख्ख्या वर्षाचे.

या तहाबद्दल म्युझियममध्ये एक मांडणी आहे. जमातीच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन केलेली, तहाच्या वेळी दिलेली पदकं आणि विधीचे पाईप असलेली. सांगायला हवं, की अख्ख्या इमारतीत मला सर्वांत आवडणारी हीच. पदक हातभर अंतरावर येतं. त्यावर एक ब्रिटिश माणूस आणि एक आदिवासी हात मिळवताना कोरलेत, मागे तंबू, क्षितिजावर सूर्य. तह म्हणजे जमिनीची विक्री असं एका बाजूने लिहून घेतलं आणि तह म्हणजे नातं जुळणं असं दुसऱ्या बाजूने समजून पाईप ओढला, हे त्या एका कपाटासमोर कळतं. पण हे कपाट आहे. वास नाही, डेक नाही, लाटांचा आवाज नाही. इथे कोणी फोटोला उभं राहत नाही. या शहराच्या प्रत्येक घराच्या खालची जमीन या पदकामुळे कायदेशीर ठरली. माझ्याही. जहाज नसतं तरी माझं घर तिथेच असतं, तह नसता तर सातबाराच नसता. मग टेपेचा न्याय लावला तर कोणाला हॉल मिळायला हवा आणि कोणाला कपाट?

आत शिरल्याशिरल्या दिसणारं दृश्यही जुनंच. पेंढा भरलेले बायसन उधळलेत आणि एक मेटी शिकारी घोड्यावरून त्यांच्यामागे. माती उडतेय, घोड्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. फार सुरेख. मेटी म्हणजे फ्रेंच, स्कॉटिश व्यापारी आणि आदिवासी स्त्रिया यांच्या वंशातून घडलेला स्वतंत्र समाज. ज्याने हा प्रांत कॅनडाकडून भांडून मिळवला तो लुई रिएल यांच्यातलाच. १८७० मध्ये प्रांत झाला, १८८५ मध्ये त्याला रजायनात फाशी दिलं, आणि आता फेब्रुवारीत त्याच्या नावाने सुट्टी असते. प्रांत होताना मेटी मुलांसाठी १४ लाख एकर जमीन देऊ असं कायद्यात लिहिलं होतं. वाटप एवढं रेंगाळलं आणि त्यात एवढा गोंधळ झाला, की २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, सरकार या कामी आपल्या शब्दाला जागलं नाही. दिवाणखान्यातला तो घोडेस्वार मात्र अजून भरधाव आहे आणि तसूभर पुढे सरकत नाही. सरकू दिला तर त्याचा पुढचा मुक्काम कोर्टात पडेल, आणि कोर्टाचा देखावा कोण बघायला येतो?

१९२० सालचा विनिपेगचा रस्ता हा काकांचा दुसरा लाडका थांबा. लाकडी फुटपाथ, दुकानं, खाणावळवजा घर, रेल्वे स्टेशन, मूकपट चालू असलेलं छोटं थिएटर. संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. मला त्या रस्त्याच्या स्वच्छतेची धास्ती वाटते. साल बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ मे १९१९ ला, इथल्या तीस हजारांहून जास्त कामगारांनी काम थांबवलं होतं. २१ जूनला मेन स्ट्रीटवर ट्राम उलथवण्याचा प्रयत्न झाला, घोडेस्वार पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोन माणसं मेली. म्युझियमपासून ही जागा चालत जायच्या अंतरावर. संपाची माहिती म्युझियम लपवत नाही, पण ज्या रस्त्यात आपण हिंडतो तो झाडून पुसून झाल्यानंतरचा आहे. दंगल फलकावर, आणि दुकानं मात्र खरीखुरी.

त्याच १९१९ मध्ये शहरात आणखी एक गोष्ट आली, जिच्याशिवाय हे शहर आज एक दिवस चालणार नाही. पाणी. विनिपेगचं जुनं पाणी घाण होतं, विषमज्वराने माणसं मरत होती. म्हणून शहराने ओंटारियोच्या सीमेवरच्या शोल लेकपासून सुमारे १५५ किलोमीटर लांबीचा जलवाहक बांधला. सरोवर शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी उताराने आपोआप येतं. इंजिनिअरिंग म्हणून थक्क व्हावं असं काम, यात शंका नाही. फक्त तिथे शोल लेक ४० नावाची अनिशिनाबे वस्ती होती. तिची जमीन घेतली. फाल्कन नदीचं गढूळ तपकिरी पाणी शहराच्या नळात येऊ नये म्हणून बांध घातला आणि कालवा खणून ते दुसरीकडे वळवलं. त्या कालव्याने वस्ती मुख्य भूमीपासून तुटली आणि बेट झाली. वळवलेलं पाणी कोणाच्या दारात गेलं हे वेगळं सांगायला नको.

आणि मग जे झालं ते कोणी कादंबरीत लिहिलं तर संपादक अतिशयोक्ती म्हणून कापेल. शहर शंभर वर्षं ज्या सरोवराचं पाणी प्यायलं, त्या सरोवरातल्या या बेटावर १९९७ मध्ये पाणी उकळून प्या असा इशारा लागला आणि २०२१ पर्यंत उठला नाही. चोवीस वर्षं. बाटल्यांचं पाणी बोटीतून. हिवाळा संपताना बर्फ पातळ झाल्यावर त्यावरून ये-जा करताना माणसं बुडाली. मुख्य भूमीला जोडणारा २४ किलोमीटरचा रस्ता मिळाला २०१९ मध्ये. शहराला पाणी मिळाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी.

माझ्या मते मॅनिटोबा म्युझियममधला सर्वांत मोठा ऐतिहासिक ऐवज त्याच्या स्वच्छतागृहात आहे. नळ. सोडा आणि बघा. त्याला ना फलक आहे ना दिवा. हात धुवायचे आणि पुन्हा जहाज बघायला जायचं.

शोल लेकच्या लोकांना हे आमच्याआधी कळलं होतं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये विनिपेगमध्ये मानवी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. ३५१ मिलियन डॉलर खर्च, काचेचा मनोरा, आतल्या कुंडांत शोल लेकचंच पाणी. त्याच सुमाराला बेटावरच्या लोकांनी आपलं संग्रहालय जाहीर केलं: कॅनडातल्या मानवी हक्कांच्या उल्लंघनांचं संग्रहालय. त्याला इमारत नव्हती. वस्ती हेच दालन. या, बोटीत बसा, कालवा बघा, बांध बघा, पाण्याचे मोठे जार उचलून बघा. जगभरच्या क्युरेटरांनी परिषदा भरवून जे साधत नाही ते या लोकांनी बिनपैशात करून दाखवलं. आत शिरून उभं राहता येतं अशी गोष्ट. या भागात माझ्या मते खरं लोकल हिस्टरी म्युझियम ते एकच होतं, आणि यादीत ते कोणाच्याच नव्हतं.

"मग काय, जहाज जाळायचं?" असं मला एका स्नेह्याने चिडून विचारलं. नाही हो. जहाज राहू दे. कोणी केलं, कशासाठी केलं, हे त्याच्या नाकावर ठळक लिहा, म्हणजे झालं: 'कंपनीच्या जाहिरात विभागाच्या सौजन्याने'. आणि जलवाहकाचा एक तुकडा, माणूस आत उभा राहील एवढा, त्याच इमारतीत उभा करा. पाण्याचा आवाज सोडा. शहराच्या टोकाने आत शिरायचं आणि बेटाच्या टोकाने बाहेर पडायचं. मुलं पळत जातील आतून, आणि पलीकडे पोचल्यावर विचारतील, इथे शंभर वर्षं रस्ता का नव्हता? पोरांना असले प्रश्न नेमके पडतात. मोठ्यांना पडू नयेत यासाठीच तर डांबराचा वास ठेवलेला असतो.

ज्या कंपनीच्या वाढदिवसाचा हा केक आपण पन्नास वर्षं जपला, तिचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. विनिपेगच्या पोर्टेज अव्हेन्यूवर तिचं १९२६ चं अवाढव्य दुकान होतं. ते २०२० मध्ये बंद झालं. त्याआधीच्या मूल्यांकनात इमारतीची किंमत निघाली होती शून्य, कारण दुरुस्तीचाच खर्च शंभर मिलियन डॉलरांच्या वर. २०२२ मध्ये कंपनीने ही शून्य किमतीची वास्तू दक्षिण मॅनिटोबातल्या आदिवासी प्रमुखांच्या संघटनेला दिली. समारंभ झाला, भाषणं झाली, वर्तमानपत्रांत ऐतिहासिक परतफेड म्हणून फोटो आले. प्रमुखांनी बदल्यात काय दिलं? दोन बीव्हरची कातडी आणि दोन एल्कची. सनदेतलं भाडं! या खवचटपणाला माझा साष्टांग नमस्कार. समोरच्याला तो विनोद कळला की नाही, हे फोटोवरून सांगता येत नाही.

मग २०२५ मध्ये कंपनी कर्जात बुडाली. १ जूनला शेवटची दुकानं बंद, आठ हजारांहून अधिक माणसं नुकसानभरपाईशिवाय घरी. देणेकऱ्यांना द्यायला उरलेल्या मौल्यवान वस्तूंत एक होती ती १६७० ची सनद. देशातल्या दोन अतिश्रीमंत घराण्यांनी मिळून तिच्यासाठी १८ मिलियन डॉलर मोजले आणि ती चार संस्थांना एकत्र देऊन टाकायचं ठरवलं. त्यात मॅनिटोबा म्युझियम आहे. म्हणजे दुसऱ्याची जमीन फुकट वाटणारा कागद साडेतीनशे वर्षांनी पुन्हा एकदा विकला गेला, आणि याही वेळी पैसे त्या जमिनीवरच्या माणसांना मिळाले नाहीत.

आता सनद विनिपेगला येईल तेव्हा तिच्यासाठी दालन निघणार, मंद दिवे लागणार. तिला जहाजाशेजारी ठेवण्याचा मोह अनावर होईल, दोन्ही एकाच राजाच्या काळातली म्हणून. तो मोह आवरा. त्याऐवजी एक सोपी जागा सुचवतो. दर उन्हाळ्यात फोर्क्सला तहाचे पैसे वाटायला टेबल लागतं. केंद्र सरकारचा माणूस यादी बघतो, शेजारी लाल डगल्यातला पोलीस उभा असतो, आणि हातात कोऱ्या नोटा पडतात, पाच डॉलरच्या. या शहरात आदिवासी आणि मेटी मिळून लाखभर माणसं राहतात. त्यांतले तहवाले त्या रांगेत येतात, आजी नातवाला घेऊन येते. सनद त्या दिवशी त्या टेबलावर आणा. रांगेतल्या माणसांना वाचू दे राजाने काय काय देऊन टाकलं होतं ते. दमटपणाचं काय, विम्याचं काय, असं म्युझियमवाले विचारतील. चर्मपत्र आहे ते, एक दुपार सावलीत राहिलं तर काही होत नाही. तिकीट तेवढं लावू नका.